लिनक्सवरचं वायफाय आणि घाईतला माणूस

२०१२च्या फेब्रुवारीत लिनक्स या संगणकप्रणालीचा जनक लायनस टोरवाल्ड्स याला त्याच्या मुलीने शाळेतून फोन केला. लॅपटॉपला शाळेचा प्रिंटर जोडायचा होता आणि मशीन रूटचा, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्याचा, पासवर्ड मागत होतं. लॅपटॉपवर ओपनसुसे हा लिनक्सचा एक प्रकार होता. त्याआधी कित्येक आठवडे तो बगझिलावर, म्हणजे त्रुटी नोंदवायच्या साइटवर, वाद घालत होता की टाइमझोन बदलायला किंवा नवं वायफाय जोडायला रूटचा पासवर्ड मागणं शहाणपणाचं नाही. या फोननंतर त्याचा संयम सुटला. त्याने जाहीरपणे जे लिहिलं त्यातली भाषा इतकी जहाल होती की चर्चा भाषेचीच जास्त झाली आणि मुद्दा बाजूला पडला. मला तो मुद्दा आजही तितकाच महत्त्वाचा वाटतो.

तो पासवर्ड नेमकी कोणापासून राखण करत होता? लॅपटॉप मुलीच्याच हातात होता, लॉगिन झालेला होता. चोराला हवं ते सगळं, म्हणजे फाइली, मेल, ब्राउझरमधले पासवर्ड, तिच्या खात्यात उघडं पडलेलं होतं. वायफाय किंवा प्रिंटर जोडू न दिल्याने त्यातलं काहीच वाचत नव्हतं. उलट अशा अडवणुकीतून एक गोष्ट हमखास घडते: मशीन वापरणाऱ्या प्रत्येकाला रूटचा पासवर्ड सांगून टाकावा लागतो. राखण करायला ठेवलेलं कुलूप इतक्यांदा उघडावं लागलं की किल्ली दारालाच लटकवून ठेवली जाते.

माझं म्हणणं सरळ आहे. वायफायच्या बाबतीत लिनक्स डेस्कटॉप जिथे विचारायची गरज नाही तिथे विचारतो, आणि जिथे विचारायलाच हवं तिथे गप्प बसतो. सोय वाढवली की सुरक्षा कमी होते, हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकलं आहे की हा दोष त्याच्या आड सहज लपतो. एखादी व्यवस्था सुरक्षित आहे का हे बघायचं असेल तर मी जाणकार माणसाकडे बघत नाही. ज्याला पाच मिनिटांत ऑनलाइन जायचं आहे, जो काही वाचणार नाही आणि समोर येईल ते बटण दाबणार आहे, त्याचं काय होतं ते मी बघतो.

लिनक्सचं पूर्वज युनिक्स जन्माला आलं तेव्हा संगणक एका खोलीत असायचा. वापरणारे अनेक, सांभाळणारा एक. नेटवर्क ही मशीनची बाब होती, तेव्हा ती बदलायचा अधिकार सांभाळणाऱ्याकडे असणं रास्तच होतं. लॅपटॉप आला, नेटवर्क दिवसातून चार वेळा बदलू लागलं, तरी अधिकारांची ती जुनी वाटणी तशीच पुढे चालत आली. सुरुवातीला वायफाय जोडायचं म्हणजे आयडब्ल्यूकॉन्फिग चालवा, वायफायचं लॉगिन सांभाळणाऱ्या डब्ल्यूपीए सप्लिकंटची फाइल हाताने लिहा, मग नेटवर्कवरचा पत्ता मिळवून देणारा डीएचसीपी क्लायंट सुरू करा. या जाचातून सोडवण्यासाठी रेड हॅट कंपनीने २००४ मध्ये जोडण्या सांभाळणारा नेटवर्कमॅनेजर आणला. पुढे पोलकिट आलं आणि समोर बसलेल्या माणसाला कोणतं काम पासवर्डशिवाय करू द्यायचं, हे बारकाईने ठरवता येऊ लागलं. म्हणजे साधनं आहेत, बरीच वर्षं आहेत. गाडी अडते ती काय ठरवायचं यापाशी.

लोकांना सगळ्यात जास्त छळणारी खिडकी घ्या. लॅपटॉप सुरू होतो, डेस्कटॉप अजून पुरता उमटलेलाही नसतो, आणि मधोमध एक चौकट येते: वॉलेट उघडण्यासाठी पासवर्ड द्या. वॉलेट म्हणजे पासवर्ड कुलूपबंद ठेवायची जागा. केडीई आणि नोम हे लिनक्सचे दोन मोठे डेस्कटॉप; केडीईत तिचं नाव केवॉलेट, नोममध्ये कीरिंग. आत्ताच तर लॉगिन केलं, मग पुन्हा पासवर्ड कशाला? कारण असं की वॉलेट ज्या पासवर्डने बंद केलेलं असतं तो लॉगिनच्या वेळी टाइप झाला तरच ते आपोआप उघडतं. आपोआप लॉगिन ठेवलं असेल किंवा बोटाच्या ठशाने आत आला असाल तर तो पासवर्ड कोणी टाइपच केलेला नसतो. वायफायची किल्ली, म्हणजे त्याचा पासवर्ड, त्या वॉलेटमध्ये ठेवलेला असेल तर वॉलेट उघडेपर्यंत नेटवर्क नाही. असं रोज सकाळी झालं की माणूस एक दिवस उपाय शोधतो, आणि तो उपाय म्हणजे वॉलेटचा पासवर्ड रिकामा ठेवणं. त्याच वॉलेटमध्ये मेलचे आणि इतर प्रोग्रॅमचेही पासवर्ड असतात. वायफायच्या एका कटकटीपायी त्या सगळ्यांचं कुलूप निघून जातं.

केडीईत ही किल्ली कुठे ठेवायची याचे पर्याय देणारी एक यादी आहे. एका ओळीचा अर्थ असा की पासवर्ड फक्त या वापरकर्त्यासाठी, एनक्रिप्ट करून ठेवा. दुसरीचा असा की सर्व वापरकर्त्यांसाठी, एनक्रिप्ट न करता ठेवा. दुसरी ओळ वाचून कोणीही दचकेल. पण ती निवडली तर प्रत्यक्षात काय होतं ते पाहा. किल्ली नेटवर्कमॅनेजरच्या फोल्डरात एका साध्या फाइलमध्ये जाते आणि ती फाइल रूटशिवाय कोणालाही वाचता येत नाही. ज्याच्या हाती रूट आहे तो तुमचं वॉलेट उघडायची वाटही बघू शकतो, त्यामुळे त्याच्यापुढे दोन्ही पर्याय सारखेच दुबळे. खरा धोका राहतो तो लॅपटॉप चोरीला जाण्याचा: पेनड्राइव्हवरून मशीन चालू केलं आणि डिस्क उघडी, म्हणजे एनक्रिप्ट न केलेली, असली की ती फाइल वाचता येते. मात्र डिस्क उघडी असेल तर तुमची कागदपत्रं आणि फोटोही तेवढ्याच सहज जातात. त्या नुकसानीत वायफायची किल्ली शेवटची.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. लॅपटॉपवर इन्स्टॉल करतानाच पूर्ण डिस्क एनक्रिप्ट करण्याचा पर्याय आधीपासून निवडलेला असावा, आणि साध्या, एकच किल्ली सगळ्यांना दिलेल्या वायफायचा पासवर्ड सिस्टीमकडे राहावा. रोजची चौकट नको. जिथे पासवर्ड त्या माणसाचा स्वतःचा असतो, म्हणजे विद्यापीठं आणि मोठ्या कार्यालयांच्या नेटवर्कवर, तिथे वॉलेटला अर्थ आहे. आज या दोन्हींत फरक करायचं काम वापरणाऱ्यावर सोडलेलं आहे. त्याला तो फरक माहीत असण्याचं काहीच कारण नाही.

जाता जाता टर्मिनलबद्दल, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीबद्दल, एक. वायफाय जोडायची म्हणून नेटवर्कमॅनेजरच्या एनएमसीएलआयची जी कमांड सर्रास सांगितली जाते, तिच्यात पासवर्ड त्याच ओळीत लिहायचा असतो. तो टाइप केलेल्या कमांडच्या इतिहासात साठतो आणि कमांड चालू असेपर्यंत प्रोसेसच्या यादीतही दिसू शकतो. आस्क हा पर्याय दिला की तीच कमांड पासवर्ड वेगळा विचारते. शिकवणाऱ्यांनी पहिल्यापासून तोच का शिकवू नये?

आता जिथे मला खरोखर काळजी वाटते तिथे येतो.

एका विद्यापीठात नुकतीच दाखल झालेली एक विद्यार्थिनी लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आली होती. विद्यापीठाचं वायफाय एंटरप्राइझ पद्धतीचं, प्रत्येकाला आपापलं नाव आणि पासवर्ड. नेटवर्कवर क्लिक केल्यावर जी खिडकी उघडली ती मी तिच्या शेजारी बसून तिच्या नजरेने पाहिली. ऑथेंटिकेशनचा प्रकार. निनावी ओळख. डोमेन. सीए प्रमाणपत्र. पीईएपीची आवृत्ती. आतल्या ऑथेंटिकेशनचा प्रकार. आणि सगळ्यात खाली तिला ओळखू येणाऱ्या दोनच गोष्टी, नाव आणि पासवर्ड. त्या दोन तिने भरल्या. जोडणीचं बटण फिकंच राहिलं. का, ते खिडकी सांगत नव्हती. मग तिचं लक्ष एका चौकोनाकडे गेलं: सीए प्रमाणपत्राची गरज नाही. तिने तिथे खूण केली, बटण उजळलं, वायफाय लागलं. विद्यापीठाच्या मदत-पानावरही हेच लिहिलेलं होतं, चित्रासकट, खुणेभोवती लाल वर्तुळ काढून.

त्या एका खुणेने काय झालं? तिच्या लॅपटॉपला सांगितलं गेलं की समोरचा सर्व्हर खरा आहे की नाही हे प्रमाणपत्रावरून तपासू नकोस. यापुढे त्याच नावाचं वायफाय कोणीही बॅगेतल्या छोट्या यंत्रावर सुरू करावं, तिचा लॅपटॉप तिला न विचारता त्याच्याशी बोलू लागेल आणि लॉगिनची देवघेव करेल. त्या देवघेवीत बहुतेक वेळा पासवर्ड पटवण्याची एमएस-चॅप-व्ही२ ही जुनी पद्धत वापरलेली असते. २०१२ मध्येच मॉक्सी मार्लिनस्पाइक आणि डेव्हिड हल्टन यांनी डेफ कॉन या हॅकर परिषदेत दाखवलं होतं की ती फोडणं म्हणजे एका डीईएस किल्लीचा शोध घेण्याइतकंच काम आहे. डीईएस ही जुनी सांकेतिक पद्धत, तिची किल्ली ५६ बिटांची, म्हणजे आज फोडता येण्याइतकी छोटी. आणि विद्यापीठात सहसा तोच पासवर्ड मेललाही चालतो, निकालाच्या पानालाही.

पुढची गोष्ट आणखी गंभीर आहे. २०२४च्या फेब्रुवारीत मॅथी वानहूफ आणि त्यांच्या सहकारी संशोधिकेने डब्ल्यूपीए सप्लिकंटमधली एक त्रुटी जाहीर केली. तिचा क्रमांक सीव्हीई-२०२३-५२१६०. प्रमाणपत्र तपासायचं नाही असं ठरवलेलं असेल तर हल्लेखोराला आतला लॉगिनचा टप्पा संपूर्ण वगळून पीडिताला आपल्या नेटवर्कवर ओढता येत होतं, म्हणजे पासवर्ड फोडायचीही गरज उरत नव्हती. ही त्रुटी कोणाला बाधत होती? ज्यांनी त्या चौकोनात खूण केली त्यांना.

इथे वापरणाऱ्याला दोष देणं मला मान्य नाही. तिने चूक केली नाही, तिच्यासमोर ठेवलेली एकमेव चालू वाट तिने धरली. प्रमाणपत्राची फाइल निवडली असती तरी काम अर्धंच झालं असतं. ते प्रमाणपत्र एखाद्या सर्वमान्य संस्थेने दिलेलं असेल तर त्याच संस्थेकडून कोणीही स्वतःच्या डोमेनसाठी प्रमाणपत्र मिळवू शकतो. सर्व्हरचं डोमेनही जुळवून पाहिलं पाहिजे, आणि डोमेनची ती रिकामी चौकट कशासाठी आहे हे खिडकीत कुठेही लिहिलेलं नाही.

इतरांनी हा प्रश्न सोडवायला घेतला. अॅपलच्या फोनवर पहिल्यांदा जोडताना सर्व्हरचं प्रमाणपत्र दाखवून विश्वास ठेवायचा का ते विचारतात आणि पुढे तेच लक्षात ठेवतात. अँड्रॉइड ११च्या डिसेंबर २०२०च्या अपडेटमध्ये गूगलने पिक्सेल फोनवरून "तपासू नका" हा पर्यायच काढून टाकला. तेव्हा बऱ्याच संस्थांची तारांबळ उडाली, पण त्या दणक्याने कित्येकांना आपली मदत-पानं पुन्हा लिहावी लागली. पहिल्या वेळी विश्वास ठेवून पुढे तोच ठसा जुळवण्याची पद्धतही नंतर अँड्रॉइडने आणली. लिनक्सवर एड्युरोमसाठी, म्हणजे अनेक देशांतल्या विद्यापीठांच्या सामायिक वायफायसाठी, सीएटी नावाचं साधन आहे. संस्थेने माहिती भरलेली असेल तर त्याची स्क्रिप्ट प्रमाणपत्र आणि सर्व्हरचं नाव दोन्ही नीट बसवते. साधन चांगलंच आहे. मात्र नेटवर्कमध्ये शिरण्यासाठी इंटरनेटवरून स्क्रिप्ट उतरवून चालवायची, ही सवय नवख्याला लावताना माझं मन कचरतं.

डब्ल्यूपीए सप्लिकंटच्या जागी वापरता येणाऱ्या इंटेलच्या आयडब्ल्यूडीने दुसरं टोक गाठलं आहे. २०१९ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली. नेटकं, लहान, बाहेरच्या लायब्ऱ्यांवर फारसं न विसंबणारं काम, आणि मला ते आवडतं. पण एंटरप्राइझ नेटवर्क हवं असेल तर तिथे फाइल आधी हाताने लिहून ठेवावी लागते. घाईतल्या माणसाला हे जमणार नाही. तो जुन्या वाटेला जाईल आणि तिथे तो चौकोन त्याची वाटच बघत असेल. ज्याच्यापर्यंत पोचताच येत नाही अशी सुरक्षितता त्याच्या खात्यात शून्यच धरावी लागते.

आता गप्प बसण्याबद्दल. नव्या नेटवर्कवर गेल्यावर एक प्रश्न खरोखर विचारण्यासारखा असतो: ही जागा तुमची आहे की परक्यांची? याचं उत्तर प्रत्येकाला येतं. त्यासाठी प्रोटोकॉल कळावा लागत नाही. विंडोज नेटवर्क सार्वजनिक की खासगी हा भेद कित्येक वर्षं करत आलं आहे. लिनक्समध्येही फायरवॉलडी या फायरवॉलला (बाहेरून आत येणारं अडवणाऱ्या पहारेकऱ्याला) झोनची, म्हणजे जागेनुसार वेगळ्या नियमांची, कल्पना कळते, आणि नेटवर्कमॅनेजर प्रत्येक जोडणीला झोन चिकटवू शकतो. तरी वायफाय जोडताना डेस्कटॉप हा प्रश्न विचारत नाही. फेडोरा वर्कस्टेशन या लिनक्सच्या प्रकारात नेहमीचा झोन १०२५ ते ६५५३५ हे सगळे पोर्ट, म्हणजे मशीनची दारं, आत येणाऱ्यांसाठी खुले ठेवतो. उबंटू या दुसऱ्या प्रकारात यूएफडब्ल्यू ही फायरवॉल असते, पण मुळात बंद. यामागचं कारण मला ठाऊक आहे आणि ते क्षुल्लक नाही: फायरवॉल घट्ट केली की खेळ, फाइल-वाटप, टीव्हीवर चित्र पाठवणं, सगळं गुपचूप बंद पडतं आणि माणूस वैतागून फायरवॉलच काढून टाकतो. म्हणूनच तर एक प्रश्न विचारायचा. स्वतःच्या जागेत सगळं खुलं, परक्या जागेत सगळं बंद, आणि उत्तर त्या नेटवर्कपुरतं कायमचं लक्षात ठेवायचं. पंधरा वर्षं वॉलेटचा पासवर्ड विचारणाऱ्या डेस्कटॉपला एवढी एक ओळ जड जाऊ नये.

काही धोके मात्र असे आहेत की तिथे वापरणाऱ्याला विचारून उपयोगच नाही. २०१८च्या मे महिन्यात गूगलच्या फेलिक्स विल्हेल्मने दाखवलं की रेड हॅट आणि फेडोरावर नेटवर्कमॅनेजरसोबत येणाऱ्या डीएचसीपीच्या एका स्क्रिप्टमुळे, खोट्या डीएचसीपी सर्व्हरचं उत्तर मशीनवर रूट म्हणून कमांड चालवू शकत होतं. नेटवर्कला जोडलं की झालं, एवढंच पुरत होतं. २०२२च्या ऑक्टोबरमध्ये कर्नलच्याच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, वायफाय भागातल्या पाच त्रुटी बाहेर आल्या. त्यांच्यापैकी काहींसाठी जोडणीचीही गरज नव्हती. हवेतून येणाऱ्या बीकन फ्रेम, म्हणजे वायफाय स्वतःची ओळख सांगायला पाठवतं ते संदेश, वाचतानाच कर्नल गडबडत होता. अशा वेळी वेळेवर पोचणारं अपडेट आणि रूट अधिकारांत कमीत कमी कोड चालवणं, एवढेच उपाय. ही जबाबदारी पूर्णपणे वितरकांची, म्हणजे फेडोरा, उबंटूसारखे लिनक्सचे तयार प्रकार बनवणाऱ्यांची.

वितरकांनी योग्य ते ठरवलं तर काय होतं याचं एक चांगलं उदाहरण फेडोराचंच आहे, आणि ते कौतुकाने सांगावंसं वाटतं. नेटवर्क शोधताना खरा मॅक पत्ता, म्हणजे वायफाय कार्डाचा ओळख-क्रमांक, न दाखवण्याची सोय नेटवर्कमॅनेजरमध्ये बरीच आधी आली. जोडल्यानंतर मात्र कार्डाचा कायमचा पत्ताच जायचा. त्यामुळे तोच लॅपटॉप वेगवेगळ्या नेटवर्कवर ओळखता यायचा. फोन कधीच पुढे गेले होते: अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून प्रत्येक नेटवर्कसाठी वेगळा पत्ता हीच नेहमीची पद्धत झाली. २०२४च्या एप्रिलमध्ये आलेल्या फेडोरा ४० ने वायफायसाठी तेच केलं. नेटवर्कच्या नावावरून ठरणारा पत्ता, त्या नेटवर्कवर कायम तोच, दुसरीकडे वेगळा. कोणालाही चौकट दाखवली नाही, काही विचारलं नाही. ज्यांच्या राउटरवर ठरावीक पत्त्यांची यादी आहे त्यांना एक सेटिंग बदलावं लागलं. बाकीच्यांना हे घडलेलं कळलंही नाही आणि माग काढणं मात्र अवघड झालं.

यावर आक्षेप येतो की लिनक्स म्हणजे निवडीचं स्वातंत्र्य, वरून लादू नका. मी या स्वातंत्र्यासाठीच लिनक्स वापरतो. पण जी निवड समजत नाही ती करायला लावण्यात स्वातंत्र्य कसलं? मूळ सेटिंग बदलता येत असेल तर जाणकाराचं काहीच जात नाही, त्याने खुशाल बदलावं. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: ही कामं करणारे थोडे, त्यांतले बरेच स्वेच्छेने करणारे, आणि वायफायच्या खिडकीवर काम करायला कोणाला उत्साह नसतो. मान्य. म्हणूनच हा निर्णय एकेका विकासकावर न सोडता समुदायाने मिळून घ्यायला हवा, आणि असा निर्णय होऊ शकतो हे डेबियन या लिनक्सच्या प्रकाराने दाखवलं आहे. वायफाय कार्डाचं फर्मवेअर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, मुक्त (कोड सगळ्यांना खुला असलेलं) नाही म्हणून वर्षानुवर्षं डेबियनच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये ते नसायचं. इन्स्टॉल करताना वायफाय चालायचं नाही, आणि लोक फर्मवेअर कुठून कुठून शोधून आणायचे. २०२२ मध्ये मतदान झालं, आणि २०२३च्या जूनमध्ये आलेल्या डेबियन १२च्या इन्स्टॉलरमध्ये फर्मवेअर समाविष्ट झालं. तत्त्वाला घट्ट धरून राहणाऱ्या समुदायाने अनेक वर्षांच्या वादानंतर हे केलं. तिथे पणाला लागलं होतं ते खरंच एक तत्त्व होतं. त्या प्रमाणपत्राच्या चौकोनामागे तर कसलंच तत्त्व नाही, फक्त राहून गेलेलं काम आहे.

त्या विद्यार्थिनीच्या लॅपटॉपवर मी मग ती खूण काढली, विद्यापीठाच्या संगणक विभागाकडून प्रमाणपत्र आणि सर्व्हरचं नाव मिळवलं आणि दोन्ही भरलं. विभागाला फोन, एक मेल, उत्तराची वाट, सगळं मिळून दोन दिवस गेले. तिच्या वर्गात लिनक्स वापरणारी आणखीही मुलं होती. त्यांच्या मशीनवर ती खूण तशीच असणार. त्यांच्यासमोर ज्या दिवशी नुसतं एवढंच येईल की "हा सर्व्हर स्वतःचं नाव असं सांगतो आहे, तुमच्या संस्थेने दिलेल्या नावाशी ते जुळतं का?" आणि खाली हो किंवा नाही, त्या दिवशी मला तो फोन करावा लागणार नाही.